वेठीचे हात

साठी उलटलेले चार पुरुष एकत्र बसले म्हणजे गुडघे, रक्तदाब, साखर, मोतीबिंदु या सर्वांची चर्चा मोकळेपणानें होते. परंतु मूत्राशयाच्या खालीं बसलेल्या एका लहानशा ग्रंथीचा विषय निघाला कीं आवाज उतरतो, आणि बायकामंडळी आंत गेली आहे ना, हें पाहिलें जातें. या संकोचामुळें त्या ग्रंथीची हकीकत आपल्याकडे कोणी फारशी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखकानें ती वाचली ती केवळ जिज्ञासेनें नव्हे. गेल्या वर्षीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, तपासणीचा एक कागद हातांत पडला. डॉक्टरांनीं दोन-तीन मार्ग पुढें मांडले आणि "घाई नाहीं, विचार करून सांगा," असें म्हणून घरीं पाठविलें. जन्मभर शाळेंत इतिहास शिकविलेल्या माणसास विचार करणें म्हणजे मागें काय घडलें तें पाहणें, याखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं.

प्रथम नांवापासून आरंभ करूं. इंग्रजींत जिला प्रोस्टेट म्हणतात त्या शब्दाचें मूळ ग्रीक आहे. 'पुढें उभा राहणारा' असा त्याचा अर्थ. मूत्राशयाच्या दारापुढें देवडीवर उभा असलेला पहारेकरीच म्हणाना. मराठींत तिला अष्ठीला-ग्रंथि असें नांव देण्यांत आलें आहे, आणि हा शब्द सुश्रुतसंहितेंतला. मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, जे प्रकार त्या ग्रंथांत सांगितले आहेत त्यांपैकीं एकांत गुद आणि बस्ति यांच्यामध्यें दगडासारखी घट्ट, न हालणारी गांठ उत्पन्न होऊन मलमूत्राचा मार्ग अडतो, असें वर्णन आहे. तेवढ्यावरून आमच्या पूर्वजांस या ग्रंथीचा कर्करोग ठाऊक होता, असें छातीठोकपणें सांगणारे लोक भेटतात. त्यांस इतकेंच म्हणावेंसें वाटतें कीं, जागा बरोबर सांगितली आहे आणि लक्षणेंहि; त्यापलीकडे ओढाताण केल्यानें ग्रंथाचा मान वाढत नाहीं.

सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून हा कर्करोगच होय, असा निर्वाळा प्रथम दिला गेला तो १८५३ सालीं, लंडन हॉस्पिटलच्या ॲडम्स नांवाच्या शल्यवैद्याच्या लेखांत. त्यानें या रोगास अत्यंत दुर्मिळ म्हटलें होतें. आज जगांतील पुरुषांच्या कर्करोगांत याचा क्रमांक फुप्फुसाच्या खालोखाल लागतो. मधल्या काळांत माणसें म्हातारपणापर्यंत जगूं लागलीं, आणि शोधण्याचीं साधनें तीक्ष्ण झालीं.

ही ग्रंथि समूळ काढून टाकण्याचें धाडस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ७ एप्रिल १९०४ रोजीं झालें. करणारे ह्यू हॅम्प्टन यंग त्या वेळीं ३३ वर्षांचे होते, आणि त्यांच्या मदतीस हॉल्स्टेड उभे होते. रोग भोंवतालच्या भागासह एकाच तुकड्यांत काढावा, हें स्तनाच्या कर्करोगाबाबत हॉल्स्टेड यांनीं घालून दिलेलें तत्त्व; यंग यांनीं तें येथें लावलें. मार्ग वृषण आणि गुद यांच्यामधल्या अरुंद जागेंतून होता. पुढें यंग यांनीं 'डायमंड जिम' या नांवानें गाजलेल्या ब्रॅडी या खुशालचेंडू धनिकाचा मूत्रमार्ग मोकळा करून दिला, आणि कृतज्ञतेनें त्यानें दिलेल्या पैशांतून १९१५ सालीं तेथें ब्रॅडी यांच्या नांवाची संस्था उभी राहिली. लघवी मोकळी झाल्याचा आनंद किती मोठा असतो, हें ज्याची अडली असेल त्यालाच कळेल. त्या देणगीचें मला मुळींच आश्चर्य वाटत नाहीं.

परंतु यंग यांच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषत्व जवळजवळ सर्वांचेंच जाई, आणि लघवीवरील ताबाहि अनेकांचा सुटे. ही प्राणाची किंमत समजली जाई. १९४५ सालीं लंडनमध्यें राहणाऱ्या टेरेन्स मिलिन या आयरिश शल्यवैद्यानें ओटीपोटाकडून, मूत्राशय न उघडतां, ग्रंथीपर्यंत जाण्याची नवी वाट प्रसिद्ध केली. ही वाट रुंद खरी. पण तिच्या तोंडाशींच शिरांचें एक दाट जाळें आहे. त्यास धक्का लागला कीं रक्ताचा असा लोट येई कीं, पुढचें काम डबक्यांत हात घालून बोटांच्या अंदाजानें करावें लागे. इकडे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं हा रोग पुरुषाच्या संप्रेरकांवर पोसतो असें दाखविलें होतें, ज्याबद्दल १९६६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. किरणोपचाराचीं यंत्रेंहि सुधारत होतीं. तेव्हां एवढा रक्तपात आणि एवढें पंगुत्व पदरांत घेऊन ग्रंथि काढवून घेण्यास कोण धजणार? शस्त्रक्रिया मागें पडली.

तिला पुन्हां पुढें आणणारे पॅट्रिक वॉल्श १९७४ सालीं त्याच ब्रॅडी संस्थेचे प्रमुख झाले. रक्त नेमकें कोठून येतें, याच एका प्रश्नापाठीमागें ते प्रथम लागले. शिरांचें जाळें आधीं बांधावें व मग कापावें, ही त्यांची युक्ति १९७९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि डबकें आटलें. शल्यवैद्यास आपण काय करतों आहों तें प्रथमच दिसूं लागलें. दरम्यान १९७७ सालीं त्यांच्या एका रोग्यानें शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनीं येऊन सांगितलें होतें कीं, आपलें दांपत्यजीवन पूर्ववत् चालू आहे. दुसऱ्या एखाद्यानें त्या गृहस्थाचें अभिनंदन करून त्यास निरोप दिला असता. वॉल्श यांस मात्र त्या वाक्यानें स्वस्थ बसूं दिलें नाहीं. जी गोष्ट घडत नाहीं असें सारे मानतात, ती या एकाच्या बाबतींत कशी घडली? त्या क्रियेचे मज्जातंतु ग्रंथींतूनच जातात, म्हणून ग्रंथीबरोबर ते जाणारच, ही समजूतच चुकीची तर नसेल?

उत्तर मिळालें तें हॉलंडांत. फेब्रुवारी १९८१ मध्यें वॉल्श लायडन येथें गेले असतां तेथील निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांची व त्यांची गांठ पडली. निवृत्तींत वेळ कसा जातो, अशी सहज विचारपूस झाली. तेव्हां कळलें कीं, मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहांत मूत्राशयाकडे जाणारे मज्जातंतु शोधण्यांत हे गृहस्थ गुंतले आहेत. पाहुण्यास गांव दाखविण्याचें राहून गेलें, आणि दोघेहि प्रयोगशाळेंत जाऊन बसले. प्रौढाच्या प्रेतांत हे तंतु चरबींत व पडद्यांत असे गडप झालेले असतात कीं शरीरशास्त्राच्या ग्रंथांतहि त्यांचा माग धड दिलेला नव्हता; अर्भकांत ते स्पष्ट दिसत. त्याच दिवशीं त्या दोघांनीं पाहिलें कीं, तंतु ग्रंथींतून जात नाहींत. तिच्या आवरणाच्या बाहेरून, दोन्ही बाजूंनीं खालीं उतरतात. म्हणजे यंग यांच्या दिवसापासून ७७ वर्षें शल्यवैद्य जें कापीत आले, तें कापण्याची पुष्कळ रोग्यांच्या बाबतींत गरजच नव्हती. २६ एप्रिल १९८२ रोजीं ५२ वर्षांच्या एका गृहस्थावर, हे तंतु जाणूनबुजून राखून, वॉल्श यांनीं पहिली शस्त्रक्रिया केली. ज्या बालकांनीं एकहि श्वास घेतला नाहीं त्यांच्या देहांनीं म्हाताऱ्यांचे संसार राखले, हें वाचून मीं थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलें होतें.

यानंतर इतिहासांत रक्ताचा एक थेंब येतो. ग्रंथींत तयार होणारें पीएसए नांवाचें प्रथिन रक्तांत किती आहे, हें मोजण्याची परीक्षा अमेरिकेंत १९८६ सालीं झालेल्या रोगावर नजर ठेवण्यासाठीं, आणि १९९४ सालीं न दिसणारा रोग हुडकण्यासाठीं मान्य झाली. त्याबरोबर ज्यांस कसलाहि त्रास नाहीं असे हजारों पुरुष रोगी ठरले. आतां, वृद्धांच्या ग्रंथींत इतक्या मंदगतीचे कर्करोग असतात कीं ते मालकाबरोबर निमूटपणें स्मशानांत जातात. दुसऱ्या कारणानें मेलेल्यांच्या शवविच्छेदनांत ते सांपडतात. मग कोणास हात लावावा आणि कोणास नाहीं? यासाठीं मिनिआपोलिसच्या डोनाल्ड ग्लीसन यांनीं १९६६ सालीं लावून दिलेली फूटपट्टी कामास आली. पेशींची रचना किती बिघडली आहे त्यावरून एक ते पांच अशा पायऱ्या, आणि दोन मुख्य नमुन्यांची बेरीज. आजच्या वहिवाटींत सहा म्हणजे सौम्य, सात मध्यम, आठ ते दहा उग्र. सातांतहि ३+४ निराळे आणि ४+३ निराळे, हें मला माझ्या कागदानें शिकविलें. बेरीज तीच, पण कोणता आंकडा आधीं, यावर रात्रीची झोप अवलंबून असते. माझा चार आधीं होता.

चिरंजीव बंगळूरास असतात. त्यांनीं फोनवर एका वाक्यांत निकाल दिला, "बाबा, रोबोटिकच करा." सौ.नीं शांतपणें विचारलें, "म्हणजे ऑपरेशन डॉक्टर करणार कीं यंत्र?" या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं मला पुन्हां शब्दाच्या मुळाशींच जावें लागलें. १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या कारेल चापेक यांच्या नाटकानें 'रोबो' हा शब्द जगांत आणला. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जुनीं दफ्तरें चाळलेल्या माणसास वेठबिगार निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. वेठ्या आपल्या मनानें पाऊल टाकीत नाहीं. हांकणारा सांगेल तिकडे ओझें नेतो. शस्त्रक्रियेचें हें यंत्र नेमकें तसेंच आहे. पोटावर पांच-सहा लहान भोकें पाडतात, पोटांत वायु भरून जागा करतात, रोग्याचें डोकें खालीं व पाय वर असें टेबल कलतें करतात. यंत्राचे हात त्या भोकांतून आंत जातात. शल्यवैद्य त्याच खोलींत, चार पावलांवर, पेटीसारख्या आसनापाशीं डोळे लावून बसतो. त्यास आंतील दृश्य अनेक पटींनीं मोठें आणि खोलीसह दिसतें. तो मनगट फिरवील तसें आंतलें चिमुकलें मनगट फिरतें. हाताचा कंप गाळला जातो. उणें एवढेंच कीं, वापरांत असलेल्या बहुतेक यंत्रांत ऊतींचा स्पर्श त्याच्या बोटांस कळत नाहीं, डोळ्यांनींच ओळखावा लागतो. सौ.स मीं सांगितलें, हात वेठीचे आहेत, डोकें डॉक्टरांचें.

हे वेठीचे हात प्रथम या ग्रंथीसाठीं घडलेच नव्हते. दूर सुरक्षित जागीं बसलेल्या शल्यवैद्यानें रणांगणावरील जखमी शिपायावर शस्त्रक्रिया करावी, या कल्पनेनें अमेरिकन सैन्यानें आरंभींच्या संशोधनास पैसा पुरविला. १९९५ सालीं स्थापन झालेल्या इन्ट्युइटिव्ह सर्जिकल कंपनीनें पुढें 'दा विंची' यंत्र तयार केलें, त्यास २००० सालीं अमेरिकेंत परवानगी मिळाली, आणि तें हृदयासाठीं उपयोगी पडेल अशी मोठी अपेक्षा होती. त्याचें दैव उघडलें तें मात्र अष्ठीलेपाशीं. त्यालाहि कारण होतें. लांब सरळ दांड्यांनीं, दुर्बिणींतून ही ग्रंथि काढण्याचा प्रयत्न अमेरिकेंत १९९१ पासून झाला होता. शुस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं नऊ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यांत एकेका शस्त्रक्रियेस सरासरी नऊ तासांवर वेळ लागला होता, आणि ही पद्धत उघड्या शस्त्रक्रियेहून सरस नाहीं असें त्यांनीं स्वतःच लिहिलें. प्रामाणिकपणाचा हा नमुना लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पॅरिसच्या मोंसुरी संस्थेंत गियोनो व व्हालाँसियां यांनीं १९९८ पासून तीच पद्धत चिकाटीनें बसविली. तरी ग्रंथि काढल्यावर मूत्राशयाचें तोंड व मूत्रनलिका यांचे टांके सरळ दांडीनें घालणें म्हणजे दाराच्या फटींतून सुई ओवण्यासारखें. तेथें वळणाऱ्या मनगटाचें यंत्र उपयोगी पडलें. २००० सालीं फ्रँकफुर्ट येथें बिंडर यांनीं त्याचा उपयोग केला, आणि लगेच डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयांत मणि मेनन यांनीं तो नित्याचा केला. मेनन जन्मानें भारतीय; उघड्या शस्त्रक्रियेंत मुरलेले. ज्या संस्थेंतून ही पद्धत जगभर पसरली ती संस्था राज वट्टिकुटी या दुसऱ्या भारतीयाच्या देणगीवर उभी राहिली. ब्रॅडीच्या हिऱ्यांनंतर धनिकांच्या देणगीचें हें दुसरें उदाहरण.

मग यंत्र सरस कीं हात? जाहिराती वाचल्या तर प्रश्नच उरत नाहीं. पण ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें ३२६ रोग्यांस चिठ्ठ्या टाकाव्यात तसें दोन गटांत वांटून हें पारखलें गेलें. २०१६ व २०१८ सालीं निष्कर्ष आले. यंत्रानें रक्त कमी गेलें; पण बारा आठवड्यांनीं आणि दोन वर्षांनींहि लघवीवरचा ताबा व पुरुषत्व यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्हीकडचे शल्यवैद्य आपापल्या पद्धतींत तयार होते, यांतच त्याचें मर्म आहे. डोंकर यांच्या प्रयोगशाळेंतील ज्ञान दोघांच्याहि हातांत होतें.

खरा प्रश्न त्याच्याहि आधींचा आहे. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' नांवाच्या परीक्षेंत १९९९ ते २००९ या काळांत रक्तपरीक्षेंत रोग सांपडलेल्या ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांस तीन वाटा दिल्या गेल्या: नजर ठेवून थांबणें, शस्त्रक्रिया, किरणोपचार. २०२३ सालीं १५ वर्षांचा हिशेब आला. या रोगानें मेले ते एकंदर २.७ टक्के, थांबलेल्यांत ३.१, शस्त्रक्रियेच्या गटांत २.२, किरणोपचाराच्या गटांत २.९. अन्य सर्व कारणें धरून मेलेले मात्र २१.७ टक्के. रोग दूर पसरण्याचें प्रमाण थांबलेल्यांत ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन्ही गटांच्या जवळजवळ दुप्पट होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. आणि शस्त्रक्रियेनंतर ७ ते १२ वर्षांनींहि १८ ते २४ टक्क्यांना पॅड वापरावें लागत होतें, हेंहि नाहीं. याउलट स्कँडिनेव्हियांत १९८९ ते १९९९ मध्यें ६९५ पुरुषांवर झालेल्या परीक्षेंत, जेथें रोग बहुधा लक्षणांवरून किंवा बोटाच्या तपासणीनें सांपडलेला होता, शस्त्रक्रियेनें २३ वर्षांच्या अखेरीस सरासरी २.९ वर्षें आयुष्य वाढलें. रोग कोणता, कसा सांपडला, आणि माणसाचें वय काय, यावर सर्व आहे. माझ्या एका स्नेह्यांचा आंकडा सहा होता. त्यांस आठ दिवसांत टेबलावर घेतलें गेलें. तीन वर्षें झालीं, अजून पॅडवांचून घराबाहेर पडत नाहींत. थांबण्याचीहि एक वाट असते, हें त्यांस कोणी सांगितलेंच नव्हतें. एका वाक्याचें तें काम होतें, आणि त्याबद्दल मला अजून राग येतो.

माझ्या ४+३ ला थांबा म्हणणारा कोणी भेटला नाहीं. किरणोपचाराच्या तज्ज्ञांसहि भेटलों. त्यांनीं आपली बाजू शांतपणें सांगितली. शेवटीं मी शल्यवैद्यांकडे दोन प्रश्न घेऊन गेलों. तुम्ही अशा किती केल्या, आणि वर्षानंतर रोगी कसे आहेत याची नोंद ठेवतां का? त्यांनीं वही दाखविली. आणि आपण होऊन सांगितलें, "सर, उजव्या बाजूला गांठ कडेला टेकली आहे. त्या बाजूचे तंतु मी राखणार नाहीं. डावीकडचे राखीन." त्या स्पष्टपणावर मीं होकार दिला. त्यांचा हात यंत्रावर बसला होता म्हणून यंत्र; उघड्या शस्त्रक्रियेवर बसला असता तर तीहि चालली असती.

भाद्रपदांत शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशीं घरीं आलों तो मांडीला पिशवी बांधून. फोली नांवाच्या अमेरिकन वैद्याची नळी नऊ दिवस सोबतीस होती. पोटांतील वायूनें खांदे दुखतात, हें कोणी आधीं सांगितलें तरी खरें वाटत नाहीं. नळी निघाली त्या दिवशीं मात्र कळलें कीं, यंत्राचें काम संपलें, आतां सर्व आपल्याकडे. उठतांना, खोकतांना, विशेषतः हंसतांना, ताबा सुटे, पु. ल. देशपांड्यांचें पुस्तक सौ.नीं उचलून वरच्या फळीवर ठेवलें. १९४८ सालीं केगेल नांवाच्या वैद्यानें बाळंतीण बायकांसाठीं सांगितलेला ओटीच्या स्नायूंचा व्यायाम मी दिवसांतून चार वेळां करीत असें. ज्यांच्यापासून हा विषय लपवावयाचा त्यांच्याचसाठीं निघालेला व्यायाम मला उपयोगी पडला, याची गंमत तिला सांगितली तेव्हां ती म्हणाली, "मग आधींच विचारायचं होतं." पहिल्या महिन्यांत दिवसाला पांच पॅड, दिवाळींत दोन, संक्रांतीला एक, तेंहि फिरावयास जातांना. दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल वॉल्श यांच्या त्या रोग्यानें आनंदानें सांगितलें होतें, ती मला अद्याप आलेली नाहीं. दोन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते असें सांगतात. ६६ व्या वर्षीं तिची खंत वाटूं नये असें पुष्कळांस वाटेल. मला वाटते, आणि तसें मीं डॉक्टरांस सांगितलेंहि आहे.

सहा आठवड्यांनीं पीएसए मोजलें तें मोजमापाच्या खालीं होतें. तीन महिन्यांनीं पुन्हां तसेंच. पुढची तपासणी श्रावणांत आहे. सौ.नीं ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दुधाच्या हिशेबाशेजारीं लिहून ठेवली आहे.